दसऱ्याचं तेल

दुपारी दोनला बाळांच्या वॉर्डातला तापमानाचा काटा चौतीस अंशांवर गेला, तेव्हा कवडू दवाखान्याच्या तळघरात गार पाण्याच्या व्हॉल्व्हपुढे उकिडवा बसला होता. कंप्रेसर हवा देत होता, पण व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या डब्यातून ती फुसफुसत वाया जात होती. डब्यातला रबरी पडदा हवेनं फुगला, की व्हॉल्व्ह उघडून वॉर्ड थंड ठेवणारं गार पाणी वर जायचं. हवा नसली, की स्प्रिंग व्हॉल्व्ह घट्ट मिटून टाकायची.

त्यानं झाकण खोललं. पडदा भिजल्या पापडासारखा पिळपिळीत, मधोमध फाटलेला. बोटाला लागलेलं काळं त्यानं हुंगलं. जवसाचं तेल.

दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, की तो मशिनींना तेल लावायचा. कंप्रेसरच्या चामडी वायसरला ते मानवायचं. म्हणून गेल्या दसऱ्याला नव्या पडद्यालाही त्यानं मायेनं चोपडलं होतं. तेलानं रबर सडतं, हे त्याला आत्ता कळलं.

त्यानं वाडीच्या सुट्या भागांच्या गोदामात प्रेमानंदला फोन लावला.

"तसा पडदा परवा येईन गा."

"मंग ट्रकची ट्यूब आण. कापून बसवतो."

"अमरावती रोड जाम हाये. दीड तास तरी लागन."

नर्स देवकीबाई जिना उतरून आली. "कवडूभाऊ, लेकरं तापून राहिली. दोघं तर ओंजळीत मावतात. दुसरीकडं कुठं नेऊ? वर कूलरही नाही."

कवडूनं लांब पाईप व्हॉल्व्हच्या दांड्याखाली घातला आणि अंगाचा सगळा भार दुसऱ्या टोकावर टाकला. स्प्रिंग कुरकुरली, दांडा उचलला, पाणी खळखळत वर गेलं. त्यानं टोकाला पाण्याचा डबा टांगून पाहिला. पाईप कलंडून निसटला आणि व्हॉल्व्ह मिटला. तोल हातानंच धरावा लागणार होता.

"जा वर. मी धरतो."

"पडदा फाटला काहून पण?"

"मीच खाल्लं त्याले. तेल लावून."

जिन्यावरून देवकीबाईची पावलं वर गेली.

थोड्या वेळानं तिनं वरून सांगितलं, "तेहतीस."

मग "बत्तीस."

घामानं कवडूचे तळवे सरकत होते. एकदा पाईप हातभर वर गेला, तशी वरची खळखळ थांबली, आणि त्यानं छाती टाकून तो परत दाबला. प्रेमानंदला निघून अजून अर्धा तासही झाला नव्हता.

त्यानं दातानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्यानं दोन्ही मनगटं पाईपाला जखडली आणि गाठ दातानंच आवळली. आता चक्कर येऊन पडला, तरी भार तिथंच राहणार होता.