पट्टीवर नाव उठत नाही

पट्टीवर दुसरी लाल रेघ उठली तेव्हा मैनाला आधी आनंदच झाला. रोह्याच्या प्रयोगशाळेत तिला संशोधनाची फेलोशिप मिळून वर्ष झालं होतं. एरंडासारख्या झाडांच्या बियांत प्रथिनाच्या रूपात जे विष असतं, ते चटकन ओळखणारी कागदाची पट्टी तिला तयार करायची होती. पहिली रेघ म्हणजे पट्टी चांगली आहे. दुसरी उठली तर विष आहे. आजवर बाटल्यांतलेच नमुने तपासले. हा नमुना मात्र घरच्या मेलेल्या म्हशीच्या, चंद्रीच्या पोटातला होता.

प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शक मॅडम नेहमी सांगत, "पट्टीला एवढंच विचारायचं, आहे की नाही. त्यापुढचं तिला कळत नाही. आणि निकाल पक्का होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही."

मैनाने खोलीवर परतताना अष्टमी गावाच्या पुलावरूनच बापाला फोन लावला. "बाबा, एरंडाचं विष निघालं."

"इष ना? मंग झालं!" म्हणत महिपतीने फोन ठेवला.

शनिवारी ती गडबला एसटीतून उतरून आतल्या आपल्या गावी पोचली, तोवर काय व्हायचं ते झालं होतं. शेजारच्या सखाच्या बांधावर एरंड उभा होता, आणि महिपतीचं नि त्याचं जुनं वाकडं. आणखी काय हवं? दुकानदार सखाला मीठ देईना. त्याचं घर वाळीत टाकायला संध्याकाळी देवळात बैठक होती.

"तुज्या पट्टीनंच धरला मेल्याला!" आई, बायजाबाई, कौतुकाने म्हणाली.

मैना गोठ्यात गेली. रिकामं दावं, आणि कोपऱ्यात सरकी पेंडीच्या दोन सारख्या गोणी. तिने दोन्हींतली मूठ मूठ उजेडात धरली. एक सरकीची. दुसरी काळपट, टरफलांची.

"आये, ही कसली गो?"

"पेंडच की. दोनी गोणीतली घालायची मी चंद्रीला," आई चुलीकडून म्हणाली.

"ती नाय, ती वालाला खत म्हणून घालायची," मागून महिपती बोलला. "एरंडीची पेंड. जुनी गोणी फाटली म्हणून मीच हिच्यात..."

तो बोलता बोलता थांबला. गोठ्याला दार एकच, आणि त्या दारात तो उभा होता.

"बोलू नको," तो हळूच म्हणाला. "चंद्रीवर लेकरासारखा जीव तुज्या आयेचा. आपल्याच हातानं मारली म्हणून सांगशील तिला? आन मी गावापुढं सखाचं नाव घेऊन बसलोय."

"मग त्याचं घर?"

महिपती दारातून हलला नाही. शेवटी आईनेच हाक मारली, "चला, बैठक भरली," तेव्हा तो बाजूला झाला.

देवळात पुरुष एका अंगाला, बाया एका अंगाला. म्होरक्या पुंडलिक म्हणाला, "महिपतीच्या पोरीलाच उभी करा. शिकलेली हाय. आपल्याला काय कळतंय?"

"कळत नाय तर बसलाव कशाला?" कोणीतरी टोमणा मारला. थोडे हसले.

सखा हसला नाही. तो मैनाकडे वळला. "पेणला गणपती बघायला माज्या खांद्यावरनं यायचीस तू. खरं सांग गो, तुज्या पट्टीवर माजं नाव उठलं काय?"

मैनाने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. आई मात्र मान उंच करून लेकीकडे बघत होती.

"नाय काका. पट्टीवर कोणाचं नाव उठत नाय. विष हाय, एवढंच कळतं."

"मंग घातलं कोणी?" पुंडलिकने विचारलं.

आता पुढेही वाट नव्हती, मागेही नव्हती.

"कोणी घातलं नाय. एरंडीची पेंड आमच्याच गोठ्यात होती. चुकून खाण्यात गेली."

सखा खाली बसला. मग बायांतून आईचा आवाज आला, अगदी बारीक.

"मैना, कंच्या गोणीतली गो?"

बायजाबाई उजवा हात पदराला पुसू लागली, आणि पुसतच राहिली.