संमोहनात ऐकलेल्या सपाता

मी डोळे रंगवते. खोटे डोळे. अपघातात किंवा आजारात ज्याचा एक डोळा गेलाय, त्याच्या रिकाम्या खोबणीत बसेल असा डोळा आमच्या कार्यशाळेत बनतो आणि त्याचं बुबुळ रंगवायचं काम माझ्याकडे असतं. त्या माणसाला एकदा समोर बसवून मी त्याच्या धड डोळ्याचे रंग टिपून घेते, मग बारीक काम घरी, मागच्या खोलीत, डोक्याला भिंग लावून करते. नखाएवढी चकती आणि तीनचार केसांचा ब्रश. पांढऱ्या भागातल्या शिरा म्हणजे रेशमाचे लाल धागे, तेही एकेक करून चिमट्याने बसवायचे. लोकांना वाटतं, डोळा म्हणजे काळा नाहीतर तपकिरी. अशा लोकांशी मी सहसा वाद घालत नाही, पण घातला तर मग थांबत नाही.

सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या तेव्हा मी मनातून खूश झाले होते. दिरांना जुळं झालं होतं, घरात हाताशी माणूस हवं होतं, तेव्हा जाणं भागच होतं. निघताना मी "आई, लवकर या हं" असं तोंडभरून म्हटलंही. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कारण सासूबाई म्हणजे बोलण्याचं यंत्र. रोज सकाळी चहाचा कप घेऊन टेबलापाशी माझ्यासमोर बसायच्या आणि सुरू व्हायच्या. शेजारणीची सून, स्वतःचा गुडघा, माझे केस, दाराचं कुरकुरणं, पुन्हा शेजारणीची सून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि एक अक्षर कानात शिरू द्यायचे नाही. आता घर शांत होणार, कामाचा नुसता फडशा पाडणार, असे मी मनात मांडे खात होते.

झालं भलतंच. मला कामाला बसताच येईना. ब्रश उचलला की बेल वाजे. बेल नसेल तेव्हा फोन. फोन नसेल तेव्हा दूध उतू जाई. आणि यातलं काहीच होत नसेल तेव्हा मी ते कधी होतंय याची वाट बघत बसे. एकदा फोन कपाटात कोंडून कुलूप लावलं, तर दुपारभर माझं लक्ष त्या कुलपाकडे. नवरा म्हणाला, "तोंडावर गार पाणी मार." मी त्याला म्हटलं, तुझ्याच तोंडावर मारते.

वर्ष-सव्वा वर्ष कसंबसं रेटलं, मग व्हायचं तेच झालं. एका निवृत्त गाणंमास्तरांचा डोळा मी पूर्ण करून दिला. त्यांच्या पत्नीने तो बसवल्यावर एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "हे यांचं नाही." मॅडमनी, म्हणजे आमच्या कार्यशाळेच्या मालकिणीने, तो खिडकीपाशी धरला. मास्तरांचा डोळा सरसकट तपकिरी, आणि मी रंगवलेल्यात खालच्या बाजूला एक घारी पाकळी उतरली होती. छान उतरली होती, अगदी जिवंत. पण ती मास्तरांची नव्हती.

"हे कुठून आणलंस?" मॅडमनी विचारलं.

मला आठवेना. ती पाकळी रंगवल्याचंसुद्धा आठवेना. त्याआधीच्या एका डोळ्यात बाहुली मोठी झाली होती, त्याच्या आधी धागे वाकडे बसले होते.

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं, "पुढचं काम एका सलूनवाल्याचं आहे. तेही बिघडलं तर रंगकाम मला दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे गं." आणि जाता जाता एका डॉक्टरांचा पत्ता दिला. संमोहन करतात, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मॅडमनी आपल्या भाच्याला तिथे नेलं होतं.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "तो तुला म्हणेल, कोंबडी हो. आणि तू त्याच्याशी भांडशील, की कोंबडी अशी नसते."

हसू आलं, पण रात्रीपर्यंत टिकलं नाही. हे काम सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. येत असतं तरी मला तेच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी गेले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. डॉक्टरांना जबरदस्त सर्दी झालेली, नाक लाल. लंबक नाही, अंधार नाही, एक आरामखुर्ची आणि भिंतीत एक टाचणी. मी बसल्या बसल्या त्यांना सांगितलं, "तुमच्या डाव्या बुबुळाची कड उजव्यापेक्षा गडद आहे."

"हे माझ्या बायकोलाही माहीत नसेल."

"विचारून बघा. असेल."

ते हसले, नाक पुसलं आणि म्हणाले, "मी कुणाला झोपवत नाही. लक्ष एका जागी नेतो, एवढंच. तुम्ही ब्रश धरून तेच करता. त्या टाचणीकडे बघा."

बघितलं. त्यांनी आवाज सावकाश केला. हात जड होताहेत, पापण्या जड होताहेत, तुम्ही एका बागेत आहात. "कुठल्या?" मी विचारलं. तळं आहे, असं म्हणाले, तर माझ्या मनात आलं की तळ्यापाशी डास असणार. तेही मी बोलून दाखवलं.

"राहू दे बाग," ते म्हणाले. जराही चिडले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. "तुमच्या कामाच्या खोलीत चला. मन लावून काम झालं, असा एखादा जुना दिवस घ्या."

तिथे मात्र मी गेले. कशी गेले ते सांगता येणार नाही. खाली दुकानात ठोकाठोक चालली होती, ती मला ऐकू येत होती, पण तिचा माझ्याशी काही संबंध उरला नव्हता. समोर चकती होती. ब्रशचं टोक ओलं होतं.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही. शांत आहे."

"शांत आहे म्हणजे काय काय वाजत नाहीये?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी कान दिला. "बेल," मी म्हटलं. "बेल वाजतेय. पण अर्धीच."

"अर्धी का?"

"कुणीतरी लगेच दार उघडतंय."

"कोण?"

आणि मला सपाता ऐकू आल्या. फरशीवर घासत चाललेल्या सपाता. सासूबाईंचा गुडघा दुखतो, पाय उचलवत नाही, म्हणून त्या सपाता घासतच चालतात, घरभर सर्र सर्र. पण माझ्या खोलीच्या दारापाशी आल्या की तो आवाज थांबत होता. त्या तेवढ्या जागेत पाय उचलून टाकत होत्या. दार मागे पडलं की पुन्हा सर्र सर्र. मग बाहेरून, अगदी हलक्या आवाजात, "ती कामाला बसलीय. संध्याकाळी या." स्वयंपाकघरात दूध वर यायच्या आत गॅस बंद झाल्याचा खटका. आणि कुठेतरी माझा फोन वाजत होता, उशीखाली दाबल्यासारखा.

"त्यांचा चेहरा दिसतोय?"

दिसला. चहाच्या कपामागे, रोज सकाळी दिसायचा तसा. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला घारी पाकळी.

मी रडायला लागले. डोळे मिटलेलेच होते, पण पाणी कानापर्यंत गेलं. डॉक्टरांनी मला रडू दिलं.

"आता दाराकडे कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि काम कोण करतं?"

"मीच."

"मग कसं व्हायचं?" ते म्हणाले. मग पुन्हा तो सावकाश आवाज. "भिंग डोक्याला लावलंत की त्या सपाता ऐकू येतील. बेल त्यांची. दूध त्यांचं. फोन त्यांचा. तुमचा फक्त ब्रश."

हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मला संमोहनातून बाहेर आणलं. रुमाल दिला, तो त्यांचा नव्हता हे मी आधी पाहून घेतलं. मी विचारलं, हे किती दिवस पुरेल?

"सलूनवाल्यापुरतं नक्की पुरेल. पुढचं सांगत नाही. उसनं आहे ते."

सलूनवाला समोर बसला तेव्हा त्याने केस कपाळावरून खाली ओढून रिकामी बाजू झाकली होती. त्या धंद्यातल्या माणसाला शोभणार नाही अशी झुलपं. म्हणाला, "खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशात माझ्याकडेच बघतं हो. एकदा बघतं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं." मी त्याचा धड डोळा बघत होते. मधाच्या रंगाचा, कडेला राखाडी रेघ, बाहुलीभोवती बारीक पिवळसर काटे. अवघड डोळा होता.

घरी येऊन खोलीत बसले. भिंग डोक्याला लावलं आणि थांबले. आधी काहीच नाही. मग दूरवरून, स्वयंपाकघराच्या बाजूने, सर्र सर्र. दारापाशी आवाज थांबला, पाऊल उचललं गेलं, पुढे टाकलं गेलं. मी ब्रश उचलला. नंतर कळलं, त्या दुपारी खरोखरची बेल वाजली होती आणि गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला होता. दोन दिवस आम्ही बाहेरून डबा आणला. नवऱ्याने तक्रार केली नाही, उलट घरात चवड्यांवर चालायला लागला आणि एकदा खुर्चीला अडखळून पडला.

डोळा तयार झाला. मॅडमनी खिडकीपाशी धरला, भिंगातून पाहिला, पुन्हा पाहिला आणि सलूनवाल्याच्या हातात ठेवला. त्याने तो बसवला. आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. मग खिशातून कंगवा काढला आणि कपाळावरचे केस मागे वळवले. मॅडम मला म्हणाल्या, "जाताना पुढची चकती घेऊन जा." माझं काम टिकलं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन मी मनापासून आभार मानले. त्यांची सर्दी अजून होती. "आता सपाता ज्यांच्या, त्यांच्याकडे जा," ते म्हणाले.

मी गेले. दिरांच्या घरी दोन्ही पोरं चालायला लागली होती आणि दोन दिशांना पळत होती. धाकटी जाऊ त्यांच्यामागे. सासूबाई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "काय म्हणतंय काम? आता शांतता असेल घरात."

मी येताना वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी विसरले. "आई, बेल वाजली की तुम्ही त्या गुडघ्यावर धावायचात. माझ्या दारापाशी पाय उचलून टाकायचात. मला कळलंच नाही कधी. तुम्ही गेलात आणि मला एक डोळा धड रंगवता येईना."

"मग आता कसं कळलं?"

"संमोहनात ऐकू आलं."

"म्हणजे कुणीतरी डोळे मिटायला लावले तेव्हा दिसलं तुला," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांनी साडीवरची नसलेली सुरकुती नीट केली. "मी बोलते त्याचा तुला जाच होतो, हे मला ठाऊक आहे गं. म्हणून तर सकाळी चहाला बसून सगळं बोलून घ्यायची. एकदा तू आत गेलीस, की दिवसभर तोंड मिटून."

इतक्या वर्षांत त्या बोलतात एवढंच मी मोजलं होतं, त्या गप्प राहतात ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

"घरी चला," मी म्हटलं. "कामासाठी म्हणून बोलवत नाहीये. खोटं कशाला बोलू, कामासाठीही बोलवतेय. पण सकाळी चहाला समोर बसा आणि बोला. या वेळी ऐकेन. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आईनेही केलं नसतं."

बाहेर एक पोरगं पडलं, रडलं, जावेने उचललं. सासूबाईंनी त्या आवाजाकडे मान वळवली, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, बघू पुढच्या महिन्यात.

"पोरं चालायला लागल्यापासून वाट बघतेय, कुणी विचारतंय का," त्या म्हणाल्या. "बॅग कपाटावर आहे. माझा हात पोचत नाही."