आजोबांचा होकार

"वही अंकल ना, जो मर के भी गिटार बजाते हैं? लिफ्ट से जाइए, बारहवीं मंज़िल."

दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधल्या त्या सोसायटीचा गार्ड गुरुवारी संध्याकाळी पाहुण्यांचं नावही विचारत नसे. बाराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की आधी चपलांचा ढीग लागायचा, मग उदबत्तीचा धूर आणि मग माणसं. दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दारात, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्येसुद्धा. नॉएडाहून आलेली आयटीतली जोडपी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली मराठी मंडळी आणि शेजारच्या मिसेस भसीन. त्यांना मराठी येत नव्हतं, पण चमत्काराला भाषा कशाला लागते?

चमत्कार लाकडी दिवाणावर मांडलेला होता. दीनानाथ आजोबांची हवाईयन गिटार आणि तिला जोडलेला त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. त्याला टेकून, शाल पांघरून बसलेले राजाभाऊ.

आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. दिल्लीतल्या मराठी मंडळांत त्यांची गिटार वाजली नाही असा कार्यक्रम नसे. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. आणि आता, आरतीच्या शेवटी सगळे टाळ्यांच्या तालात जागच्या जागी गिरकी घेऊ लागले की तो मुका अॅम्प्लिफायर अचानक घुमायचा, "गूंऽऽ". गिटारीला कुणाचं बोटही लागलेलं नसायचं.

"आले!" राजाभाऊ डोळे मिटून म्हणायचे. "दीनानाथ आले. विनायकराव, पेटीचा षड्ज सोडू नका. हं, विचारा. घुमला तर होकार, गप्प राहिला तर नकार. हे सगळं कॉस्मिक आहे बरं का. क्वांटम लेव्हलचं. आत्मा म्हणजे शेवटी फ्रीक्वेन्सीच!"

"बिल्कुल," मिसेस भसीन हात जोडायच्या.

"आणि अंधश्रद्धा म्हणाल, तर ती बघा," राजाभाऊंचं बोट भिंतीशी उभ्या असलेल्या रेवतीकडे वळायचं. "दीनानाथची नात. फिजिक्समध्ये एमएस्सी! तिने स्वतः मशीन उघडून तपासलंय. काय म्हणालीस बेटा तेव्हा?"

रेवतीची मान खाली जायची. लोकांना तो विनय वाटायचा.

ती दिल्लीत, मुनिरकात खोली घेऊन पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत होती. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतरच्या गुरुवारी घरच्या आरतीला तो अॅम्प्लिफायर तिनेच हौसेने लावला होता. थोडा वेळ तो खरखरला, मग मुका झाला, आणि आरतीच्या गिरकीत कुणाचा तरी धक्का दिवाणाला लागला तेव्हा घुमला. आजी रडली. रेवतीही रडली. दुसऱ्या दिवशी तिने मागची फळी काढून, मल्टिमीटर लावून, एकेक जोड तपासला. सगळे जोड शाबूत. फोनवर चारजणांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी सगळं चेक केलं. याला काही कारण नाही."

कारण नाही! राजाभाऊंनी ते वाक्य प्रमाणपत्रासारखं मिरवलं. आजोबांचे ते जुने ओळखीचे, त्यांच्या गिटारीला साथ करायला येणारे. पुढच्याच गुरुवारी ते दिवाणावर बसले, आणि मग तिथून उठलेच नाहीत.

हे असंच चाललं असतं. पण आजीला चक्कर येऊ लागली.

चंद्रप्रभा आजी एकदा ओट्याशी कोसळली, एकदा लिफ्टमध्ये. ईसीजी काढला तर अगदी ठीक. "बघा!" राजाभाऊ म्हणाले. "मशीन सांगतंय ठणठणीत. डॉक्टरांचं ऐकू नका वहिनी." डॉक्टरांनी मात्र दिवसभर अंगाला लावून ठेवायचं एक यंत्र दिलं. त्यात दिसलं की आजीचं हृदय मधूनच काही क्षण थांबतं. पेसमेकर बसवायला हवा होता, तोही लगेच. नंतर तिचा मुलगा, निहारकाका, तिला काही महिने पुण्याला नेणार होता. म्हणजे फ्लॅट बंद, आणि गुरुवारही बंद.

गुरुवारी आजीने भरल्या खोलीत विचारलं, "अहो, शरीरात ते यंत्र बसवू का?"

अॅम्प्लिफायर गप्प राहिला.

"नाही म्हणतोय," राजाभाऊ हळूच म्हणाले.

आजीने दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची तारीख रद्द केली. रेवतीने समजावलं, भांडली, रडली. आजी शांतपणे म्हणाली, "अगं, तूच तर तपासलंस ना? तूच म्हणालीस कारण नाही म्हणून."

त्या क्षणी रेवतीला वाटलं, आपली डिग्री फाडून कुणीतरी आपल्या तोंडावर फेकावी.

ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. निदान चुकलं असेल अशी वेडी आशा होती. "पण ईसीजी तर नॉर्मल होता ना?" तिने विचारलं.

डॉक्टर जरा वैतागलेच. "ईसीजी काढला तेव्हा हृदय नीट चाललं होतं. जे मधूनमधून बिघडतं, ते बिघडलेलं असतानाच पाहावं लागतं. नीट चाललेलं असताना तपासून 'दोष नाही' म्हणण्यात काय अर्थ आहे?"

रेवतीचे कान तापले. तिने तरी दुसरं काय केलं होतं? अॅम्प्लिफायर बंद असताना, थंड असताना मीटर लावला होता.

बुधवारी दुपारी आजी डोळे मिटून पडली असताना तिने तो पुन्हा सुरू केला. गिटारीची तार छेडली. स्वच्छ आवाज. ती छेडत राहिली. व्हॉल्व्ह लालसर तापले, पेटारा गरम झाला, आणि आवाज एकदम बंद. तार छेडतच तिने दुसऱ्या हाताने पेटारा दाबला. गूंऽऽ! हात काढला, पुन्हा बंद. तार छेडत पाठ टेकून बसली. गूंऽऽ.

ती तशीच टेकून तार छेडत राहिली. आजोबा तिच्या पाठीशी घुमत होते आणि तिला हुंदका आवरेना. आनंदाचा नव्हता तो.

गुरुवारी राजाभाऊ नेहमीप्रमाणे लवकर आले आणि "जागृत करायला" म्हणून अॅम्प्लिफायर लावून ठेवला. आरती झाली. गिरक्या झाल्या. आजी पुढे सरकली, पण तिच्याआधी रेवती बोलली.

"आज मला विचारायचंय. राजाभाऊ काका, तुम्ही फक्त जरा खाली सतरंजीवर बसा."

"बेटा, माध्यम दूर गेलं की प्रवाह तुटतो."

"आजोबा बाराव्या मजल्यापर्यंत येतात, मग दोन हात अंतराने काय होतंय?"

कोणीतरी फिसकन हसलं. आयटीतला जयदीप म्हणाला, "बसा ना काका. यार, काय फरक पडतो?"

राजाभाऊ नाइलाजाने उतरले. विनायकरावांनी पेटीचा सूर धरला. रेवतीने विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे आहात का?"

काहीही वाजलं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"रुसला तो," राजाभाऊ म्हणाले. "परीक्षा घेतलेली त्याला आवडत नाही."

"बरं. मग दुसरा प्रश्न. आजोबा, तुमची नात मूर्ख आहे का?" रेवतीने पेटाऱ्यावर तळहात टेकवून दाब दिला.

गूंऽऽ!

लोक हसले, मग माना उंचावून बघू लागले. तिने हात उचलला, आवाज गेला. टेकवला, आला. मग तिने पेटारा फिरवला. भिंतीकडची मागची फळी तिने कालच काढून ठेवली होती.

"कुणी हात लावू नका. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते." चायनीजच्या पार्सलातून आलेली लाकडी चॉपस्टिक तिने हातात घेतली. "हा व्हॉल्व्ह. तो या सॉकेटमध्ये बसतो आणि सॉकेट इथे सोल्डरने डागलेलं आहे. हा डाग, म्हणजे जोड, जुना झालाय, त्याला केसाएवढी चीर आहे. थंड असताना दोन्ही बाजू चिकटून असतात. तापलं की धातू फुगतो, चीर उघडते, आवाज बंद. दाबलं की पुन्हा चिकटते." तिने चॉपस्टिकने हलकेच टोचलं. गूं. सोडलं. पुन्हा टोचलं. गूं. "पेटीच्या सुराने गिटारीच्या मोकळ्या तारा थरथरतात, सतारीच्या खालच्या, न छेडलेल्या तरफेच्या तारा थरथरतात तशा. अॅम्प्लिफायर जिवंत असला की ते ऐकू येतं. पहिल्या दिवशी धक्क्याने झालं. नंतर काका पाठ टेकवायचे तेव्हा होकार, पाठ उचलायचे तेव्हा नकार."

"लेकिन मेरी बेटी के रिश्ते में हाँ बोला था," मिसेस भसीन म्हणाल्या, "और हो भी गया!"

"आंटी, जिनका नहीं हुआ, वो दोबारा आए क्या?"

राजाभाऊंनी शाल सावरली. "श्रद्धेचा बाजार मांडलास, पोरी. पाठ दुखते म्हणून टेकत होतो मी."

"नकार द्यायच्या वेळीच बरी होत होती का?" जयदीपने विचारलं.

राजाभाऊ निघून गेले. पण कुणाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. रेवतीला तर नाहीच. ती म्हणाली, "त्यांना एकट्यांना बोलू नका. मी म्हणाले होते, याला कारण नाही. खरं एवढंच होतं, की मला कारण सापडलं नव्हतं. तेवढं कबूल करायची मला लाज वाटली. आणि माझ्या त्या लाजेपायी आजी उद्या-परवा पुन्हा कोसळली असती, कदाचित उठलीही नसती."

माणसं उठू लागली. एकमेकांकडे न बघता चपला शोधू लागली. मिसेस भसीन दाराशी पुटपुटल्या, "हमें तो पहले से शक था."

"थांबा सगळे," आजी म्हणाली.

ती इतका वेळ देवघराशी बसून होती. आवाज बारीक होता, पण फाटलेला नव्हता.

"मला तारा आणि डाग काही कळलं नाही. पण फसण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटते. पन्नास वर्षं संसार केला मी ह्यांच्याबरोबर. साधी शिंक आली तर डॉक्टरकडे पिटाळणारा माणूस! तो मला 'ऑपरेशन करू नको' कसा म्हणेल, एवढंसुद्धा मी स्वतःला विचारलं नाही. सगळ्यांदेखत हात जोडून बसले. तुम्हीही बसलात. आता घरी गेल्यावर 'आम्हाला आधीच माहीत होतं' असं म्हणू नका. फसलो म्हणा. मुलांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. आपण लपवलं, तर राजाभाऊ उद्या दुसऱ्या कुणाच्या दिवाणावर जाऊन बसतील. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी त्याला जागेवरून उठायला सांगा."

विनायकरावांनी पेटीचा भाता बंद केला.

दार लागल्यावर आजीने भिंतीचा आधार घेतला. रेवती धावली, पण आजीने तिचा हात धरला तो स्वतःला सावरायला नव्हता.

"डॉक्टरांना फोन लाव. आणि ते काय काय म्हणाले, सगळं पहिल्यापासून सांग मला. हो-नाहीवर फार दिवस काढले. आता कुणीतरी पूर्ण वाक्यात बोललेलं हवंय."