चौथी मूठ

मित्रांनो, मी एका जुन्या खुरप्याची मूठ आहे. बाभळीच्या लाकडाची, वीतभरसुद्धा नाही. माझ्याआधी याच पात्याला तीन मुठी बसवून झाल्या होत्या, म्हणून चकलांबा गावातल्या आमच्या घरात मला सगळे चौथी म्हणत.

मला धोंडीरामांनी घडवलं. ते सुतार नाहीत, शेतकरी आहेत. त्यांच्या बायकोचं, मुक्ताबाईंचं, मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात अर्धं गेलं होतं. तेव्हापासून बाजारचं खुरपं त्यांच्या हातातून निसटायचं. धोंडीरामांनी पहिली मूठ करून दिली. मुक्ताबाईंनी दोन सऱ्या खुरपल्या आणि ती परत आणली.

"ही माझ्या हातासाठी केली का तुमच्या?"

दुसरी टोचली. तिसरी घामानं हातात फिरली. मग धोंडीराम दोन दिवस कापसाच्या बांधावर बसून बायकोचा हात बघत राहिले. शेजारच्या भिवराबाई खुरपता खुरपता म्हणाल्या, "भावजी, लग्नाला सोळा वर्सं झाली, आन् बायकू आता बघायलाव व्हय?" सगळ्या बाया हसल्या. त्यानंतर त्यांनी मला घडवलं. मुक्ताबाईंनी मला परत आणलं नाही. तीच माझी शाबासकी.

त्यांची मुलगी ऋतुजा तेव्हा शाळेत होती. नापास झालेल्या तिन्ही मुठी तिनं सांभाळून ठेवल्या. पुढं ती शिकली आणि नवीन वस्तू तयार करायच्या कामाला लागली. आधी बिस्किटांच्या कारखान्यात. चहात बुडवलेलं बिस्कीट किती वेळानं तुटतं, हे ती दिवसभर बघायची. मग दवाखान्याच्या सामानाच्या कंपनीत, म्हाताऱ्या माणसांच्या काठ्यांवर. आता शेतीची अवजारं करणाऱ्या कंपनीत.

"म्हंजी सुतारच की तू," धोंडीराम फोनवर म्हणायचे.

"सुतारच, अण्णा. कारखाना बदलला तरी काम तेच. वापरणाऱ्याचा हात बघायचा."

मुक्ताबाईंनी मला अकरा वर्षं वापरलं. त्यांचा अंगठा रोज एकाच जागी टेकायचा. तिथं मला हळूहळू एक खळगा पडला, चिंचोक्याएवढा. घामानं तो काळा झाला होता.

गेल्या पौषात मुक्ताबाई गेल्या. खुरपं खुंटीला लागलं. धोंडीराम सकाळी उठले की मला एकदा हात लावायचे, मगच तोंड धुवायचे. मुक्ताबाईंचं नाव मात्र त्यांनी कोणापाशी काढलं नाही.

एक दिवस ऋतुजाचा फोन आला. आईचं खुरपं तिला कंपनीत न्यायचं होतं. हाताला अधू असलेल्या बायांसाठी नवीन मूठ करायची होती, त्यासाठी मापं हवी होती. धोंडीरामांनी खुंटीवर मला एकदा हात लावला. मग म्हणाले, "ने. पण परत आण."

शनिवारी त्यांनी मला उन्हात घेतलं. त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या हापिसात वस्तू जाणार. लोक म्हणतील, बाई गेली आन् घरात अवजारं कळकट पडली. त्यांनी काचेच्या तुकड्यानं मला तासलं, मग पॉलिशपेपर मारला, गोडं तेल चोळलं. काळं काळं सगळं निघून गेलं. मित्रांनो, मला तोंड नव्हतं.

रविवारी ऋतुजा आली. तिनं मला हातात घेतलं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"अण्णा, इथं खळगा होता."

"मळ व्हता तो. काढला."

तिनं अंगठा तिथून उचलला नाही. तेव्हा त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, आपला अंगठा त्या जागी टेकवला, आणि ते ओट्यावर बसले.

"तिचा व्हता व्हय गं तो," ते म्हणाले. "म्या तासला."

"तासू नका म्हणून मी आधीच सांगायला पाहिजे होतं," ऋतुजा म्हणाली. ती त्यांच्याजवळ बसली. "मापाचं राहू द्या. आई कशी धरायची, ते तुम्हाला ठाऊक हाय ना?"

धोंडीराम उठले. अंगणात उकिडवे बसले. मधलं बोट दुमडून मला धरलं आणि माती ओढू लागले. "मुक्ता अशी बसायची," ते म्हणाले. पौषानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडी ते नाव आलं.

"न्हाई, न्हाई," कुंपणापलीकडून भिवराबाई म्हणाल्या. "डाव्या पायावर भार असायचा तिचा. तुमी कोंबडीवानी बसलाव." त्या आत आल्या आणि स्वतः बसून दाखवू लागल्या. पार उन्हं कलेपर्यंत ती दोघं भांडत होती आणि मुक्ताबाई अंगणात खुरपत होत्या.

शेवटी ऋतुजानं कणकेसारखी मऊ माती माझ्यावर लावली आणि आपला अंगठा त्यात दाबला.

"जरा वर," धोंडीराम म्हणाले. "अजून. आता आडवा कर." मग थांबून म्हणाले, "आता हाय."

त्या मापाची पाचवी मूठ पावसाळ्यात गावात आली. भिवराबाईंनी कापसाची एक पात खुरपली आणि सांगितलं, "बरी हाय, पर मागून लई जाड झाली." ऋतुजानं ते हसत लिहून घेतलं. सहावीचं काम चालू आहे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासून चकचकीत करण्याआधी ती एकदा हातात धरून बघा. मळ वाटतो, तिथं कोणाचा तरी अंगठा असू शकतो.

धोंडीराम आता मला खुंटीला ठेवत नाहीत, रोज रानात नेतात. मधलं बोट दुमडून खुरपतात आणि अंगठा त्याच जागी टेकवतात. खळगा अजून पडलेला नाही. त्याला अकरा वर्षं लागतात.