आत्याच्या मांडीवरची चिवड्याची पिशवी

महाळुंग्याच्या कारखान्यात माझे काम हवेवर पाळत ठेवण्याचे आहे. इंधनाच्या टाक्यांत हवा भरायची, त्या पाण्यात बुडवायच्या आणि बुडबुड्याची वाट पाहायची. बुडबुडा दिसला, की डोक्यावरची पिवळी दोरी ओढून सगळी लाइन थांबवायची, असा नियम आहे. तीन वर्षांत ती दोरी मी एकदाही ओढली नव्हती. शंभर माणसे एकदम माना वळवून आपल्याकडे पाहतील, या विचारानेच हात वर जात नसे. मी शेजारच्या जयदीपला खुणावायचो, तो ओढायचा.

"राव, लग्नात हारही मीच घालायचा का तुझ्या वतीनं?" तो विचारायचा.

मार्चमध्ये सोजराआत्याला दिल्लीला, तिच्या मंजुषाकडे पोचवण्याचे माझ्याकडे आले. दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. लेकीसाठी आत्याने चिवडा केला होता आणि पिशव्यांची तोंडे मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून घट्ट चिकटवली होती. त्यातली एक पिशवी, सामानात चुरा होईल म्हणून, तिने मांडीवर घेतली.

विमान चढू लागले तशी पिशवी फुगू लागली.

"नासला बघ चिवडा," आत्या म्हणाली. "फुगलेलं पाकीट आमी दुकानदाराला परत देतो."

"आत्या, वर हवा विरळ असते. पिशवीतली हवा पसरते. सपाट उडायला लागलो, की थांबेल."

"कंपनीत हेच शिकिवत्यात व्हय? मला वाटलं, काम करून घेत्यात."

विमान सपाट झाले. खाली ढगांचे पांढरे रान पसरले होते, कुणीच न नांगरलेले. एवढ्या उंचीवरही माणूस आपला एकटेपणा सोबत नेतो आणि त्याचे वजन कुणी करत नाही, असे काहीबाही माझ्या मनात येत होते. तेवढ्यात, चढताना बसले होते तसे, कानात पुन्हा दडे बसले. मी पिशवीकडे पाहिले. ती अजून फुगत होती. अंगठ्याने दाबली, तर खळगा पडेना.

मला कळले. केबिनमधली हवा हळूहळू बाहेर चालली होती. टाकीच्या आत आम्ही होतो आणि बुडबुडा आत्याच्या मांडीवर होता.

हवाईसुंदरीला बोलावण्याचे बटण डोक्यावर होते, थेट त्या दोरीच्या उंचीवर. शेजारी जयदीप मात्र नव्हता.

"चुळबुळ कशापायी? संडासला जायचंय का?" आत्याने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

मी तिला हळूच सगळे सांगितले.

"मग सांग की त्या पोरीला."

"त्यांना माहीत असेलच."

"आन् न्हाई असलं तर? सरक, मीच दाबते." तिने हात लांबवून एक बटण दाबले. माझ्या डोक्यावर दिवा लागला. तिने पुन्हा दाबले, विझला.

तिसऱ्यांदा तिचा हात उठण्याआधी मी दुसरे बटण दाबले. घंटी वाजली. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. माझे कान तापले.

हवाईसुंदरी आली. वर पिशव्या फुगतातच, असे तिने गोड हिंदीत सांगितले. मी म्हणालो, "चढताना फुगतात. आपण वीस मिनिटं सपाट उडतोय." आवाज माझाच होता, पण मला अनोळखी वाटला. तिने पिशवी बोटाने दाबून पाहिली. ओठांवरचे हसू तिथेच राहिले, डोळ्यांतले गेले. ती पुढे जाऊन फोनवर बोलली.

थोड्याच वेळात वैमानिकाने सांगितले, की केबिनमध्ये हवेचा दाब टिकत नाही. विमान खाली आणून आपण पुण्याला परतत आहोत, घाबरण्याचे कारण नाही. जाता जाता हवाईसुंदरी आमच्यापाशी थांबली. वैमानिकांना यंत्रावर ते आधीच दिसले होते, म्हणाली, तरी तुम्ही सांगितलेत ते बरे केलेत. म्हणजे माझ्या घंटीने काहीच घडले नव्हते. थोडे वाईट वाटले आणि बरेच हलके.

विमान उतरत गेले तशी पिशवीही आक्रसली. आत्या मात्र खट्टू होती.

"वरनं ती पिवळी वाटी आलीच न्हाई. नाकाला कशी लावायची ते इतकं ध्यान देऊन ऐकलं मी."

पुण्याला उतरल्यावर तिने पिशवी फोडून आमच्या रांगेला चिवडा वाटला. तो कुरकुरीत होता. दुसऱ्या दिवशी मी तिला दिल्लीला पोचवून आलो. या खेपेला उरलेल्या पिशव्यांना तिने सुईने भोके पाडली होती.

कामावर परतलो, तर आत्याने गावभर केलेल्या फोनांतून बातमी माझ्याआधीच जयदीपपर्यंत पोचली होती.

"विमान माघारी फिरवलंस म्हणे, भावा."

"ते आधीच फिरणार होतं."

दुपारी एका टाकीच्या कडेला बारीकसा बुडबुडा उमटला. मी जयदीपकडे पाहिले. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि तो छताचे पत्रे न्याहाळू लागला.

मी दोरी ओढली. भोंगा वाजला, पट्टा थांबला, शंभर माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांनी क्षणभर पाहून घेतले आणि ते चहाला निघून गेले.