मागच्या भिंतीतले दार

"अजून एक इंच," एल्डन म्हणाला. "एकच. जास्त नको."

"मघापासून हे तुझे चौदा 'एकच इंच' झाले," नौकेखालच्या जॅकचा दांडा दाबीत नॉर्बर्ट म्हणाला. "आता बोट छपरातून वर निघेल, मग तू म्हणशील, बस."

नॉर्बर्ट पिलार्स्की हा आमच्या सरोवरावर नौकेमागे दोर धरून घसरत खेळ करणाऱ्या वॉटर-स्की मंडळाच्या मानवी मनोऱ्यात सव्वीस उन्हाळे सर्वांत खालच्या थरात उभा राहिलेला मनुष्य. कोठेही ओझे उचलावयाचे असले की गावास प्रथम त्याचे स्मरण होते. मी स्वतः गवत कापण्याची व बर्फ फेकण्याची यंत्रे दुरुस्त करतो. एल्डनच्या वखारीच्या तुळईस टांगलेली साखळीची कप्पी माझ्या मालकीची होती, आणि त्या कप्पीच्या आधारे नौकेचे नाक अंतराळी धरून ठेवण्याचे उत्तरदायित्वही माझ्याकडेच आलेले होते.

तो नोव्हेंबरातील गुरुवार होता. शनिवारपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. त्यानंतरचे नऊ दिवस आमच्या विस्कॉन्सिनमध्ये कोणी कोणाच्या मदतीस येत नाही. शहाणा मनुष्य त्या काळात आजारीदेखील पडत नाही. म्हणून नौका ट्रेलरवरून, म्हणजे तिला वाहून नेणाऱ्या चाकांच्या गाड्यावरून, उतरविण्याचे कार्य त्याच दिवशी सिद्धीस नेणे अगत्याचे होते.

एल्डन टोर्गर्सन हा मंडळाची ही नौका एकतीस वर्षे हाकीत आलेला आहे. नौकेचे वयही तितकेच. गेल्या ऑगस्टात, भर प्रयोगात, त्याचा उजवा पाय सडलेल्या तळफळीतून गुडघ्यापर्यंत आत गेला. मागे दोरांना धरून दहा माणसांचा मनोरा उभा होता. थांबावे तर मनोरा कोसळणार! एल्डनने तशाच अडकलेल्या पायाने सरोवरास पूर्ण फेरी घातली, आणि प्रेक्षकांकडे पाहून हातही हलविला. मग सर्वांनी ठरविले की, या हिवाळ्यात तळाची सर्व लाकडे उपसून नवी घालावयाची. परंतु तसे करताना नौकेचे पोट सर्व बाजूंनी समान टेकलेले असावे लागते. ट्रेलरवर ते साधत नाही.

आणि ट्रेलर एल्डनचा नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी एल्डन व लव्होन यांचा घटस्फोट झाला, तेव्हा वाटणीच्या कागदावर नौका एल्डनच्या नावे लिहिली गेली आणि ट्रेलर लव्होनच्या. ट्रेलरला स्वतःची नंबरपट्टी असते. कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र जीव आहे. यामुळे असे झाले की, नौकेवाचून ट्रेलर निरुपयोगी आणि ट्रेलरवाचून नौका अचल. दर मे महिन्यात लव्होन येई, नौका पाण्यात सोडी. दर ऑक्टोबरात पुन्हा येई व ती बाहेर काढी. ट्रेलर उलटा चालविणे एल्डनला आयुष्यात कधी जमले नाही. ते काम प्रथमपासून तिचेच. काम झाले की दोघे पिकअपच्या मागच्या फळीवर बसून अर्धा तास कॉफी पीत. वर्षातून असे दोन अर्धे तास. त्या दोन दिवशी एल्डन दाढी करी.

यंदाच्या ऑक्टोबरात लव्होनने त्याला सांगितले होते, "बोट खाली उतरवणारच आहेस, तर मग ट्रेलर मी घेऊन जाते. रॉजरला हवाय." रॉजर हाल्व्होर्सन हे पलीकडच्या तालुक्यातले निवृत्त दंतवैद्य. त्यांच्यापाशी नौका होती, ट्रेलर नव्हता. आणि गेल्या वर्षापासून लव्होन त्यांच्यासोबत शुक्रवारी मासळीच्या जेवणास जात असे. एल्डन "हो, ने की," इतकेच म्हणाला होता.

असो. नौका वखारीत आम्ही तिघांनी सकाळीच लोटली होती. ही वखार पूर्वी बटाट्यांची. लांबीला ऐसपैस, रुंदीला मात्र आगगाडीच्या डब्यासारखी. एल्डनने पिकअप सरळ दारापर्यंत आणली, ट्रेलर सोडविला, पिकअप बाजूस घेतली आणि म्हणाला, "चला, आता नाकासमोर ढकला." नौकेचे नाक आत, इंजिन दाराकडे. माझ्या मनात एक शंका डोकावली. नॉर्बर्टच्याही डोकावली असावी. कारण तो क्षणभर थांबला व त्याने माझ्याकडे पाहिले. परंतु दुसऱ्याच्या वखारीत दुसऱ्याने बोलू नये, अशी आमच्याकडची रीत आहे. आम्ही ढकलली.

"आलं का सगळं वर?" दारातून आवाज आला. लव्होन आलेली होती. तिच्या हाती खजुराच्या वड्यांचे ताट होते. तिने आत पाहिले, नौकेकडे पाहिले, मागच्या भिंतीकडे पाहिले आणि ताट कामाच्या मेजावर ठेवले.

"येतंय," एल्डन म्हणाला. त्याने दाढी केलेली होती.

"रॉजर गाडीतच बसलाय. त्याला म्हटलं, काम चाललंय, मधे नको यायला."

"थंडीत कशाला बसवलंस त्यांना? बोलव की."

"बसू दे. हीटर लावलाय, कोडं सोडवतोय."

शेवटी एल्डन स्वतः कॉफीचा पेला घेऊन गेला व त्यांना घेऊन आला. दंतवैद्यांनी पायपुसणे नसतानाही दारात पाय पुसले.

पुढील कार्य अत्यंत शिस्तीने झाले. नौकेची मागील बाजू दोहों बाजूंच्या ठोकळ्यांवर आडवी तुळई टाकून टेकविली. नाक माझ्या कप्पीवर. मग नॉर्बर्टने ट्रेलरला खांदा लाविला, आणि ट्रेलर नौकेच्या पोटाखालून पुढे, पुढे, मागच्या भिंतीच्या दिशेने सरकू लागला. कोठे घासले नाही, कोठे अडले नाही. मी नाक हळूहळू ट्रेलरच्या जागी मांडलेल्या लाकडी पाळण्यावर उतरविले. एकतीस वर्षांत प्रथमच नौका व ट्रेलर एका छपराखाली परस्परांपासून विलग उभे होते. आम्ही हस्तांदोलन केले आणि वड्या खाल्ल्या.

"छान झालं," लव्होन म्हणाली. "मग मी ट्रेलर नेऊ?"

"ने की," एल्डन म्हणाला, आणि त्याने ट्रेलरकडे हात केला.

नंतर तो हात तसाच राहिला. ट्रेलरच्या पुढे भिंत होती. ट्रेलरच्या मागे नौका होती. नौकेच्या मागे दार होते.

आम्ही सर्वांनी भिंतीपासून दारापर्यंत एकदा नजर फिरविली. रॉजर तेवढे "अच्छा," म्हणाले.

"तुम्ही पाहिलं होतं?" एल्डनने आम्हां दोघांस विचारले.

"म्हणजे... सकाळी जरासं आलं होतं मनात," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी वखार आहे बाबा."

"मला वाटलं, तुझा काहीतरी विचार असेल," नॉर्बर्ट म्हणाला. "इंजिनाला उजेड हवा, असलं काही."

एल्डन लव्होनकडे वळला. "आणि तू? तू आलीस तेव्हा अख्खा ट्रेलर अजून खाली होता."

"दिसलं मला. दारातूनच दिसलं."

"मग?"

"बावीस वर्षं तुझ्या शेजारी उलटी तोंड करून बसले, एल्डन. मागं कोण पडलं, दोर कुठं ढिला झाला, सगळं मी बघायचं आणि तू आपला समोर बघून हाकायचास. आता मागचं बघणं माझं काम नाही."

ती हे रागाने बोलली नाही. वडीवरचा चुरा झटकावा, तसे बोलली.

नौका पुन्हा चढवून सर्व नव्याने करावयास रात्र झाली असती. नॉर्बर्टने ट्रेलर कुशीवर उभा करून नौकेशेजारून नेता येईल काय, म्हणून पावलांनी माप घेतले. एका बाजूस अडीच पावले, दुसऱ्या बाजूस लोखंडी शेगडी. "नेता येईल," तो म्हणाला, "शेगडी, धुराडं, आणि माझी कंबर काढून टाकली तर."

"घाई काहीच नाहीये," रॉजर सौजन्याने म्हणाले. "मे महिन्यात बोट बाहेर निघेलच. तेव्हा नेऊ."

"एल्डन," लव्होनने हलकेच विचारले, "मुद्दाम नाही ना केलंस?"

एल्डनचे कान लाल झाले. मी त्याला चाळीस वर्षे ओळखतो. त्याने हे मुद्दाम केलेले नव्हते, इतकी युक्ती त्याच्यापाशी नाही. परंतु त्या घटकेस जे त्याला हवे होते, ते सर्व त्याच्याच मूर्खपणाने त्याच्या पदरात आयते पडलेले होते. ट्रेलर हिवाळाभर येथे राहिला असता. मे महिन्यात ती आली असती, तिने ट्रेलर उलटा लाविला असता, पिकअपच्या फळीवर कॉफी झाली असती. त्याने केवळ खांदे उडवावयाचे होते.

"नॉर्बर्ट," तो म्हणाला, "ती विजेची करवत दे."

"कशाला?"

"तिचा ट्रेलर आहे. तिला आज न्यायचाय."

"अरे, भिंत आहे ती!"

"माझी भिंत आहे," एल्डन म्हणाला. आणि या वाक्यापुढे आमच्याकडे कोणाचे काही चालत नाही.

त्याने प्रथम ट्रेलरची रुंदी मोजली, दोनदा, व भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. मग करवत चालली. धूळ इतकी उडाली की दंतवैद्यांनी रुमाल नाकास लाविला. पाऊण तासाने भिंतीचा साडेआठ फूट रुंद तुकडा बाहेरच्या गोठलेल्या शेतात आडवा झाला, आणि वखारीत हिमाचा उजेड आला.

ते दोघे आले होते ती पिकअप रॉजर शेतातून वळसा घालून घेऊन आले. ती उलटी घेताना त्यांनी पहिल्यांदा कुंपणाचा खांब गाठला, दुसऱ्यांदा बटाट्यांचे जुने यंत्र.

"सरक," लव्होन म्हणाली आणि चालकाच्या जागी बसली.

तेव्हा एल्डन ट्रेलरपाशी जाऊन उभा राहिला. तिला आरशात दिसेल अशा बेताने त्याने दोन्ही हात वर केले.

"ये... ये. थोडं डावीकडे. तुझ्या डावीकडे, माझ्या नाही! ये, ये... बस."

एका खेपेत जोडले गेले. त्याने कडी बसविली, साखळी अडकविली, दिव्यांची तार लाविली, आणि एक लाथ मारून पाहिली.

"मेमध्ये काय करशील?" तिने काच खाली करून विचारले.

"बघीन काहीतरी."

"हं," ती म्हणाली. "वड्यांचं ताट राहू दे."

रिकामा ट्रेलर गोठलेल्या नांगरटीवर खडखडत गेला. एल्डन तो रस्त्यास लागेतो पाहत राहिला. नॉर्बर्ट म्हणाला, "आता या भोकाला काय, ताडपत्री लावायची?"

एल्डनने ताडपत्री लाविली नाही. शिकारीचे नऊ दिवस तो वनात गेलाच नाही. असे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडले. कापलेल्या तुकड्याचीच त्याने दाराच्या दोन झडपा केल्या, त्यांस बिजागऱ्या व अडसर बसविला, आणि लाल रंग दिला. त्या दाराबाहेर रस्ता नाही, वाट नाही. फक्त शेत आहे; ट्रेलर उलटा लावून नौका उचलावयाची तर मात्र तेथूनच येता येते. कोणी त्याला त्याविषयी काही विचारले नाही.

आता जानेवारी आहे. नौकेच्या तळाची अर्धी लाकडे नवी झालेली आहेत. मी संध्याकाळी साहाय्यास जातो. बर्फ पडला की एल्डन फावडे घेऊन पुढच्या दारासमोरचा बर्फ काढतो, आणि मग वखारीस वळसा घालून, मागच्या दारासमोरचाही काढतो, साडेआठ फूट, नीट कडेपर्यंत.