दोन हजार पंचावन्न सालचं रडणं

"मावशी, मान जरा खाली. केस पांढरे दिसायला पावडर अजून कमी पडतेय," असं म्हणत वैभवीनं प्रयागबाईच्या डोक्यावर अख्खा डबाच उपडा केला.

प्रयागबाई शाळेच्या ओट्यावर डोळे मिटून बसली होती. एरवी याच ओट्यामागच्या खोलीत ती पोरांची खिचडी शिजवायची. आज तिला दोन हजार पंचावन्न साली नेऊन बसवलं होतं. पुण्याहून आलेल्या वैभवीचा हा माहितीपट अर्धा खरा होता, अर्धा मनचा. खऱ्या भागात गावातली माणसं आटलेल्या विहिरींबद्दल बोलत होती. मनच्या भागात पुढचं जग होतं. गाव ओस पडलेलं, डोक्यावर सरकारी यंत्र भिरभिरतंय, अंगठा जुळला तर बाटलीभर पाणी, नाही जुळला तर व्हा चालते. त्या गावात एकच म्हातारी उरलेली आणि तिचं नाव प्रयागबाई. नावं खरीच पाहिजेत, असा वैभवीचा हट्ट होता. त्याशिवाय बघणाऱ्याच्या काळजाला हात लागत नाही म्हणे.

"आता एवढंच म्हणायचं. माझा ऋषिकेश पाण्याच्या रांगेत उभ्या उभ्या गेला. त्याचा अंगठा जुळलाच नाही."

"माह्या पोराचं नाव कायले घेता बाई? दुसरं एकांदं घ्या ना."

"मावशी, फिल्म आहे. सगळं खोटंच तर आहे."

प्रयागबाई ही अशी बाई, की घराबाहेर पडताना जन्मात कधी 'जाते' म्हणाली नाही, 'येते'च म्हणाली. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणायची. पण समोर कॅमेरा, भोवती अर्धं गाव, आणि वैभवीचा गोड आवाज. भिडस्त माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. तिनं ते वाक्य म्हटलं. म्हणता म्हणता खरंच रडू फुटलं, कारण वर्ष झालं तरी ऋषिकेशचा पाय घराला लागला नव्हता. वैभवी टाळ्या वाजवत म्हणाली, "मावशी, कमाल केलीत!" प्रयागबाईला मात्र जीभ चावून टाकावीशी वाटली.

घरी येऊन तिनं आधी डोकं धुतलं आणि मग ऋषिकेशला फोन लावला. तो चाकणला कंपनीत होता. फोन बंद. निजायच्या आधी लावला, बंद. सकाळी चुलीवर चहा ठेवून लावला, तरी बंदच.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. इंद्रभाननं बापाच्या हातची संत्र्याची बाग लेकरासारखी जपली होती. झाडं वाळत चालली, विहिरीला पाणी राहिलं नाही, तरी तो डोक्यावरून घागरी वाहून एकेक बुंधा भिजवायचा. ऋषिकेशला ते बघवेना. बाप लग्नाला परगावी गेला तेव्हा त्यानं यंत्र बोलावून सगळी झाडं मुळासकट काढली. चांगलं करायला गेला आणि भलतंच होऊन बसलं. परत आलेल्या इंद्रभाननं उघड्या रानाकडे पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "आजपासून तू मले मेला." पोरगा त्याच दिवशी गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं.

बाप एकदा म्हणून बसला होता, आता आईही म्हणून बसली. दोघांच्याही तोंडून एकच अभद्र निघावं, हे प्रयागबाईला काही केल्या सोसवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून खिचडीत मीठ पडलं नाही. पोरांनी तोंडं वाकडी केली. ती तशीच पदराला हात पुसत वैभवीकडे गेली.

"तेवढं वाक्य काढून टाका बाई. माह्या पोराचा फोन लागून नाई राह्यला."

वैभवी मनानं चांगली होती. तिनं प्रयागबाईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "मावशी, फोन बंद असण्याचा आणि फिल्मचा काय संबंध? पण तुम्ही म्हणत असाल तर काढते."

"काढून तरी काय होते म्हना," प्रयागबाई स्वतःशीच म्हणाली. "तोंडातून तं निंगालं ना."

निघालेल्या शब्दावर एकच उतारा तिला ठाऊक होता. तिच्या माहेरी कोणाच्या डोक्याला कावळा शिवला, की दूरच्या नातेवाइकाला तो माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडायचे. ऐकणारा खरं समजून रडला, की अरिष्ट त्या आसवांवर निघून जातं आणि माणसाचं आयुष्य वाढतं. लटकं रडणं चालत नाही, आतून यावं लागतं. शाळेच्या ओट्यावर तर अर्धं गाव हसत होतं! मरणाची बातमी सांगून झाली आणि रडलं कोणीच नाही. तिचं स्वतःचं रडू धरायचं नाही, तिला खोटं आहे हे माहीत होतं.

ऋषिकेशसाठी आतून रडेल असं माणूस म्हणजे त्याची आत्या उज्ज्वला. ती शेलूबाजारला दिलेली. तिनं त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिसऱ्या दिवशी प्रयागबाईनं शाळेतून सुटी घेतली, नवऱ्याला "येते" एवढंच म्हणाली आणि जीपमध्ये मागच्या बाकावर स्वतःला कोंबून घेतलं. सगळी वाट ती मनात वाक्य जुळवत होती. बाई, आपला ऋषिकेश... पुढचं जुळत नव्हतं. उज्ज्वलाचं काळीज आधीच नाजूक. तिचंच काही बरंवाईट झालं तर? आणि एवढं करून पोरगा खरंच कुठं पडला असेल तर?

शेलूबाजारच्या चौकात ती उतरली आणि हातातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी ऋषिकेश. माहा मोबाइल बादलीत पडला न. हा सोबत्याचा हाय."

प्रयागबाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. "मुडद्या!" म्हणाली आणि लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "नाई रे बाप्पा, नाई. शंभर वर्साचा हो. जेवतं ना बराबर?"

"काय झालं वं? रडून काहून राह्यली?"

"काई नाई. धूळ गेली डोयात."

आता उज्ज्वलाकडे जाऊन करायचं काय? ती तिथूनच उलटी फिरली. येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या लहानग्या पोराला तिनं उगाच बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. इतकी हलकी ती वर्षभरात झाली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी आली तर तिच्या दारात माणसं जमलेली. आत्ताच तर बोलला पोरगा. मग कोण?

ग्रामपंचायतीतला धनराज धावत पुढं आला. चेहरा चोरासारखा. "काकू, माहीच चूक झाली. त्या मॅडमनं मले फिल्ममधला तुमचा तुकडा पाठवला होता. लय झकास होता म्हून म्या गावच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत उज्ज्वलाआत्याच्या घरी गेला. तिले वाटलं खरंच हाय. तिनं काकाले फोन केला."

उज्ज्वलानं फोनवर जे सांगितलं ते एव्हाना दारातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. 'दादा, आपला ऋषिकेश गेला रे! वयनीनं तुले सांगतलं नाई का? तिचे केस एका रातीत पांढरेफटक झाले, म्या माह्या डोयानं पाह्यले!' इंद्रभाननं तो तुकडा बघितला नव्हता, त्याचा फोन साधा बटणांचा. पण बायको दोन दिवस न जेवता फोन कानाला लावतेय आणि आज नुसतं 'येते' म्हणून कुठं तरी निघून गेली, एवढं त्यानं बघितलं होतं. त्याला ते पुरलं.

"म्या सांगून पाह्यलं, का फिल्म हाय म्हून," धनराज म्हणाला. "ऐकतच नाई ना."

प्रयागबाई माणसांतून वाट काढत अंगणात आली. इंद्रभान जमिनीवर बसला होता, धोतराचा सोगा मातीत, टोपी कुठं तरी पडलेली. स्वतःच्या बापाच्या मयतीलाही न रडलेला हा माणूस छाती पिटत होता.

"म्याच म्हनलं होतं त्याले! तू मले मेला म्हून म्याच म्हनलं होतं! झाडाचं काय, झाडं आनखीन लावली असती... माहा बाब्या!"

एक शब्द पुरेसा होता. 'जिवंत हाय' एवढं म्हणायचं. प्रयागबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. आतून येणारं रडणं ते हेच होतं, आणि ते बापाचं होतं. वर्षापूर्वीचा शब्द त्याच्याच आसवांनी धुऊन निघत होता. तिचं काळीज तुटत होतं, नवऱ्याची दया येत होती, स्वतःची लाज वाटत होती, तरी ती खांबाला धरून उभी राहिली. शेजारची म्हातारी कुजबुजली, "बाई, सांग ना वं त्याले काय ते." प्रयागबाईनं हातानंच तिला थांबवलं. तो पुरता रिकामा होऊन हुंदके देऊ लागला तेव्हाच ती पुढं झाली. त्याच अनोळखी नंबरावर फोन लावला आणि त्याच्यासमोर बसून त्याच्या कानाला धरला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "आई? हॅलो... कोन बोलून राह्यलं?"

इंद्रभाननं बायकोकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि दोन्ही हातांनी तो कानाशी घट्ट दाबला. वर्षभर न बोललेल्या बापाला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"मी," शेवटी तो म्हणाला. "तिकडे पानी येते का रे नळाले?"

पलीकडून उत्तर आलं. "येते बाबा. एक दिवसाआड."

"एक दिवसाआड येते म्हने," इंद्रभाननं ओल्या तोंडानं जमलेल्या सगळ्यांना सांगितलं.